आईची कुडी आणि पंच्याऐंशीचं भिंग

गेल्या महिन्यात वाईच्या घराचा माळा आवरायला घेतला. आवरायला म्हणजे काय, तर इकडचं उचलून तिकडे ठेवायचं. आमच्या घरात काहीही टाकून द्यायची पद्धत नाही. तर त्या आवराआवरीत दादाची पत्र्याची ट्रंक सापडली, आणि ट्रंकेत, आईच्या जुन्या नऊवारीच्या तुकड्यात गुंडाळलेला, त्याचा लायका कॅमेरा. सोबत ते लांबुडकं रशियन भिंग.

आमच्या नात्यातल्या मंडळींना आईचा तो फोटो माहीत आहेच. स्वयंपाकघरात फडताळाच्या वर आहे तो. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. १९७५ ची दिवाळी, भाऊबीजेची संध्याकाळ. आई ओसरीवर खांबाला टेकून, किंचित तिरकी बसली आहे. मागचं अंगण धुरकट, मऊ झालेलं. केसांची बट, कानातली मोत्याची कुडी, कुडीतला एकेक मोती मोजून घ्यावा इतका स्पष्ट. आणि डोळे पुसट. अगदी गेलेले नाहीत, पण पुसट. पाण्याआडून पाहिल्यासारखे.

दादा तेव्हा भिलाईला पोलाद कारखान्यात ड्राफ्ट्समन होता. कारखाना रशियनांच्या मदतीने उभा राहिलेला, त्यामुळे तिथे रशियन इंजिनियर येऊन जाऊन असत. त्यातल्या एकाने मायदेशी परतताना हे भिंग दादाला विकलं. कॅमेरा त्याने आधीच नागपुरात जुना घेतला होता, जर्मन, लायका ३. भिंगावरचा आटा आणि कॅमेऱ्याचा आटा तंतोतंत जुळला. दादाला केवढा आनंद! आईचा एक "खरा" फोटो काढायचा हे त्याच्या मनात तेव्हापासून होतं. तोवर आईचा म्हणून एकच फोटो होता, लग्नातला, त्यात ती चौदा माणसांत तिसऱ्या रांगेत उभी.

त्या संध्याकाळी त्याने तीन फोटो काढले. तिन्हींत कुडी स्पष्ट आणि डोळे पुसट. पुढच्या फेब्रुवारीत आई गेली.

तेराव्याच्या दिवशी, फोटोला हार घालताना, मी दादाला म्हणाले, "तुला आईचे डोळेसुद्धा धड घेता आले नाहीत." पंचवीस वर्षांची होते मी. वय हे कारण होऊ शकत नाही, पण सांगते आहे. दादा काही बोलला नाही. त्या उन्हाळ्यात त्याने कॅमेरा ट्रंकेत ठेवला आणि परत कधी काढला नाही. त्याच्या मुलांचे सगळे फोटो स्टुडिओतले आहेत.

ट्रंक उघडली तेव्हा माझा नातू शेजारी होता. त्याने भिंग हातात घेतलं, फिरवून पाहिलं आणि विचारलं, "आजी, बॉडी जर्मन आणि लेन्स रशियन. हे एकमेकांशी जुळतं का?"

मी म्हटलं, "जुळतं की. आटा बसतो."

"आटा बसतो गं. पण जुळतं का?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न आमच्या घरात कुणीही विचारला नव्हता. एस.एस.सी.ला फिजिक्समध्ये काठावर पास झालेली मी, आणि पुढे जन्मभर पोरांना पानिपत आणि फ्रेंच राज्यक्रांती शिकवली. तरी बसले वाचत, शब्दकोश मांडीवर घेऊन. महिनाभर तेच चाललं आहे. आता ते सगळं इथे उतरवते.

आधी रेंजफाइंडर म्हणजे काय ते. आज फोनने फोटो काढणाऱ्यांना "फोकस करणं" म्हणजे काय हेच कळणं अवघड. डोळ्यांसमोर एक बोट धरा आणि एकेक डोळा आळीपाळीने मिटा. बोट इकडून तिकडे उडी मारतं. बोट जवळ असेल तर उडी मोठी, लांब असेल तर लहान. दोन डोळ्यांमधल्या अंतरामुळे हे होतं. रेंजफाइंडर कॅमेऱ्याला अशाच दोन खिडक्या असतात. दोन्हीतून दिसणारी चित्रं एकमेकांवर पडतात, त्यामुळे आत पाहिलं की माणूस दोनदा दिसतो. भिंग फिरवत जायचं. दोन आईंची एक आई झाली की फोकस झाला.

खिडक्यांमधलं अंतर जितकं जास्त, तितकं मोजमाप नेमकं. दादाच्या लायकात हे अंतर साधारण ३९ मिलिमीटर, म्हणजे चार सेंटिमीटरही नाही. आत दीडपट मोठं दाखवणारी दुर्बिणीसारखी सोय आहे, त्यामुळे ते ५८ च्या आसपास असल्यासारखं काम देतं. त्याच काळातल्या कॉन्टॅक्स २ या झाइसच्या कॅमेऱ्यात ते तब्बल ९० होतं. १९५४ साली लायकाने एम३ काढला, त्यात ६२-६३ पर्यंत पोचले. हे आकडे कंटाळवाणे वाटतील, पण सगळं याच्यावरच आहे.

लायका पहिल्यांदा लोकांसमोर आला १९२५ साली, लाइपझिगच्या जत्रेत. ओस्कार बारनाक नावाच्या, दम्याने बेजार असलेल्या तंत्रज्ञाने तो वेट्झलर गावात लाइट्झच्या कारखान्यात तयार केला. सिनेमाच्या फिल्मवर फोटो काढायचे ही त्याची युक्ती. त्या पहिल्या कॅमेऱ्याचं भिंग बदलता येत नसे, आणि अंतर अदमासाने ठरवावं लागे. १९३० मध्ये भिंग बदलायची सोय झाली. १९३२ मध्ये, लायका २ मध्ये, रेंजफाइंडर भिंगाला जोडला गेला. इथे खरी गंमत आहे आणि आमच्या घरातल्या भांडणाचं मूळही.

जोडला म्हणजे कसा? कॅमेऱ्याचं भिंग काढून तोंडात डोकावलं तर वरच्या बाजूला एक चिमुकली चकती दिसते. भिंगाच्या पाठीमागची कडी या चकतीला टेकते. भिंग पुढे-मागे झालं की कडी चकतीला ढकलते किंवा सोडते, आणि चकती आतल्या चित्राला सरकवते. बस, एवढंच. कॅमेऱ्याला भिंग कोणतं आहे हे मुळीच कळत नाही. त्याला फक्त कडी किती सरकली ते कळतं.

आता अनंत अंतरावरून एक मीटरवर यायचं तर लायकाचं नेहमीचं भिंग सुमारे २.८ मिलिमीटर पुढे येतं. ९० मिलिमीटरचं भिंग त्याच अंतरासाठी सुमारे ८.९ मिलिमीटर पुढे यायला हवं. पण कॅमेऱ्याची चकती तर २.८ चीच भाषा समजते! म्हणून लांब भिंगाच्या पोटात दोन वेगवेगळे आटे असतात. एक भिंगाला ८.९ सरकवतो, दुसरा कडीला २.८. लांब भिंगाच्या पोटात असा एक दुभाषाच बसलेला असतो म्हणा ना. भिंगाची भाषा कॅमेऱ्याला समजावून सांगणारा.

दुभाषा चोख असला की सगळं चोख. दुभाष्याने शब्द इकडचा तिकडे केला की काय होतं ते आमच्या इतिहासात तहांच्या निमित्ताने पुष्कळ वाचायला मिळतं. असो.

लांब भिंग हवंच कशाला, हेही सांगायला हवं. नेहमीच्या ५० मिलिमीटरच्या भिंगाने माणसाचा फक्त चेहरा घ्यायचा तर अगदी त्याच्या तोंडाशी जावं लागतं. मग नाक मोठं आणि कान मागे गेल्यासारखे दिसतात. शिवाय ज्याच्या तोंडाशी आपण जातो तो बिचारा आक्रसतो. ८५, ९० किंवा १०५ मिलिमीटरचं भिंग असेल तर दीड-दोन मीटरवर उभं राहून चेहरा चौकटभर घेता येतो. दीड-दोन मीटर म्हणजे ओसरीवर समोरासमोर बसून माणसं गप्पा मारतात तेवढं अंतर. त्या अंतरावरून माणूस आपल्याला जसा आठवतो तसा दिसतो. त्याहून लांब, १३५ चं भिंग घेतलं तर रेंजफाइंडरची नेमकेपणाची ताकद अपुरी पडू लागते, आणि खिडकीत दिसणारी त्या भिंगाची चौकटही अगदी इवलीशी होते. म्हणून रेंजफाइंडरवाल्यांची आवड ८५-९० वर येऊन थांबली.

लाइट्झने १९३१ च्या सुमारास ९० मिलिमीटरचं एल्मार काढलं. माक्स बेरेक या गणितज्ञ माणसाची रचना. हलकं, स्वस्तात स्वस्त, पण एफ/४, म्हणजे प्रकाश कमी घेणारं. डोंगरात फिरणाऱ्यांसाठी त्यांनी १०५ मिलिमीटरचं एक आणखी हलकं, एफ/६.३ चं भिंगही केलं होतं. त्याला डोंगरातलं एल्मार म्हणत. सह्याद्रीत फिरणाऱ्या आमच्या भाचेमंडळींना ही कल्पना आवडेल. आणि १९३५ मध्ये त्यांनी थांबार नावाचं एक भिंग काढलं, ते मुद्दाम पुसट फोटो देण्यासाठी! हे वाचून मला हसू आलं आणि थोडं वाईटही वाटलं. लोक पैसे देऊन पुसट फोटो काढत होते.

लाइट्झला टक्कर दिली झाइसने. त्यांच्याकडे लुडविग बेर्टेले नावाचा माणूस होता. त्याने विशीत असतानाच एर्नेमान कंपनीत एर्नोस्टार हे भिंग तयार केलं होतं. त्यामुळेच न्यायालयात, परिषदांमध्ये, दिव्यांच्या उजेडात फोटो काढणं शक्य झालं. पुढे एर्नेमान झाइस इकॉनमध्ये विलीन झाली आणि बेर्टेलेने कॉन्टॅक्ससाठी झोनार मालिका केली. ८५ मिलिमीटर, एफ/२ चं झोनार हे त्या मालिकेतलं रत्न. एल्मारच्या चौपट प्रकाश. भिंगाच्या काचा तीन गटांत एकमेकींना चिकटवलेल्या, त्यामुळे काच आणि हवा यांच्या सीमा फक्त सहा. प्रत्येक सीमेवर थोडा प्रकाश परत उसळतो आणि चित्र फिकं पडतं. काचांवर विशिष्ट थर देण्याची कला सर्वत्र पोचण्याआधीच्या दिवसांत या सहा सीमा म्हणजे मोठीच कमाई होती.

पण एफ/२ चा मोबदला द्यावा लागतो. ८५ च्या भिंगाचं तोंड पूर्ण उघडं ठेवून दीड मीटरवरच्या माणसाचा फोटो काढला तर स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम साडेतीन सेंटिमीटर जाडीचा असतो. दोन बोटं! डोळा साधला तर कान जातो, कान साधला तर डोळा. म्हणून जुने जाणते सांगत की नेहमी जवळच्या डोळ्याच्या कडेवर दोन चित्रं जुळवा. गालावर जुळवू नका, गालाला कड नसते. कपाळावरच्या कुंकवाची कडही चांगली. जुळवल्यावर चौकट बदलायला मान फार वळवू नका. आणि श्वास रोखा, कारण आपलं अंगच पुढे-मागे दोन सेंटिमीटर डुलतं. दादाच्या लायकात आणखी एक अडचण होती. रेंजफाइंडरची खिडकी वेगळी आणि चौकट पाहायची खिडकी वेगळी. म्हणजे आधी एका भोकातून दोन आई जुळवायच्या, मग डोळा दुसऱ्या भोकाला लावायचा, मग चाप दाबायचा. त्यातून ती चौकट ५० च्या भिंगाची. ८५ साठी किती धरायचं ते दादाने पुठ्ठ्याला भोक पाडून ठरवलं होतं. मला ती पुठ्ठ्याची चौकट आठवते. लग्नपत्रिकेची होती.

मग युद्ध झालं. आणि १९४५ नंतर झोनारची कहाणी दोन वाटांनी गेली.

एक वाट टोकियोची. निप्पॉन कोगाकू ही कंपनी १९१७ साली स्थापन झालेली. युद्धात लष्करासाठी दुर्बिणी, अंतरमापक वगैरे करायची. युद्ध हरल्यावर लष्कर संपलं आणि कंपनीला पोटासाठी काहीतरी करणं भाग पडलं. १९४८ मध्ये त्यांनी पहिला निकॉन कॅमेरा विकायला काढला. दिसायला कॉन्टॅक्ससारखा, आतला रेंजफाइंडर मात्र लायकाच्या धाटणीचा. फिल्म वाचावी म्हणून त्यांनी चौकट २४ बाय ३२ ची ठेवली, तर ती परदेशात नेहमीच्या पारदर्शिकांच्या चौकटीत बसेना, आणि निर्यातीत मोडता आला. जपानी माल म्हणजे नकली आणि टाकाऊ अशी तेव्हाची समजूत. आपल्या लहानपणीही "जपानी" म्हणजे चार दिवसांत मोडणारं खेळणं, हे माझ्या वयाच्या लोकांना आठवत असेल.

या कंपनीने झोनारच्या धर्तीवर ८५ मिलिमीटर, एफ/२ चं निक्कोर केलं, पाच काचांचं. स्वतःच्या कॅमेऱ्यासाठीही आणि लायकाच्या आट्याचंही. जून १९५० मध्ये 'लाइफ' साप्ताहिकाचा फोटोग्राफर डेव्हिड डग्लस डंकन टोकियोत होता. हाच माणूस आपल्याकडे इंग्रजी राज्य संपताना फोटो काढायला येऊन गेलेला. 'लाइफ'साठी काम करणारा एक तरुण जपानी फोटोग्राफर, जुन मिकी, याने त्याचा सहज एक फोटो काढला, त्या ८५ च्या निक्कोरने, घरातल्या मंद उजेडात. डंकनने त्या भिंगाची थट्टाच केली म्हणतात. दुसऱ्या दिवशी मिकीने फोटो मोठा करून त्याच्यापुढे ठेवला. डंकन तो पाहून चक्रावला. आपला सहकारी होरेस ब्रिस्टल याला घेऊन तो थेट निप्पॉन कोगाकूच्या कारखान्यात गेला. कंपनीचे प्रमुख मासाओ नागाओका यांनी त्यांची जर्मन भिंगं आणि आपली भिंगं यांची तुलना यंत्रावर करून दाखवली. डंकनने आपल्या लायकांवरची जर्मन भिंगं उतरवली आणि जपानी चढवली.

२५ जून १९५० ला कोरियाचं युद्ध पेटलं. डंकन तिकडे गेला. त्याचे फोटो न्यूयॉर्कला पोचले तेव्हा तिथले लोक विचारू लागले की हे कशाने काढलंस? 'लाइफ'चे इतर फोटोग्राफरही, कार्ल मायडन्स, हँक वॉकर, तिकडे वळले. त्याच वर्षी डिसेंबरात 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये या जपानी भिंगांवर लेख आला, आणि जी कंपनी कशीबशी तग धरून होती ती जगभर माहीत झाली. डंकनचे हिवाळ्यातल्या माघारीचे फोटो जरूर पाहा. गोठलेले, दाढी वाढलेले चेहरे. युद्ध दाखवायला त्याला तोफा लागल्या नाहीत. डंकन २०१८ मध्ये गेला, १०२ वर्षांचा होऊन.

एका मंद उजेडातल्या चेहऱ्याच्या फोटोने एका देशाच्या मालाबद्दलचं मत फिरवलं, असं म्हणणं जरा जास्त होईल. कोरियाचं युद्ध नसतं तर डंकनचं कौतुक चार मित्रांत राहिलं असतं. इतिहासात असं बरेचदा होतं, गुण असतोच, पण वेळ यावी लागते. मला मात्र या गोष्टीत जुन मिकीच जास्त आवडतो. तो वाद घालत बसला नाही. फोटो मोठा करून आणला.

दुसरी वाट रशियाची. युद्धानंतर झाइसचा येना इथला कारखाना सोव्हिएत ताब्यात आला. १९४६ मध्ये यंत्रसामग्री आणि कित्येक तज्ज्ञ भरपाई म्हणून तिकडे नेण्यात आले. कॉन्टॅक्स कॅमेरा किएव्हमध्ये "किएव्ह" या नावाने निघू लागला. झोनार भिंगं मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कमध्ये बनू लागली आणि त्यांना "युपिटर", म्हणजे गुरू ग्रहाचं नाव मिळालं. ८५ च्या एफ/२ झोनारचं झालं युपिटर-९. तेच दादाचं भिंग. किएव्हच्या जोडणीचंही ते बनत असे, आणि ३९ मिलिमीटरच्या आट्याचंही, कारण रशियनांनी लायकाची नक्कल असलेले फेड आणि झोर्की हे कॅमेरेही काढले होते.

म्हणजे डंकनला थक्क करणारं भिंग आणि माझ्या दादाचं भिंग ही एकाच आजोबांची दोन नातवंडं. हे कळल्यावर मी रात्री उठून पाणी प्यायले.

आता नातवाच्या प्रश्नाकडे येते. "जुळतं का?"

लायकाचं नेहमीचं भिंग ५० मिलिमीटरचं म्हणतात, पण रेंजफाइंडरची चकती ५१.६ मिलिमीटर हे माप धरून घडवलेली. झाइसने कॉन्टॅक्ससाठी ५२.४ हे माप धरलं होतं. ज्यांनी लायकाचं माप घेतलं (जपान्यांनी निकॉनसाठीसुद्धा तेच घेतलं) त्यांचा दुभाषा लायकाशी नीट बोलतो. रशियनांनी झाइसचं सामान उचललं, त्याबरोबर झाइसचं मापही आलं. त्यांच्या भिंगांतला दुभाषा ५२.४ ची भाषा बोलतो. रशियन कॅमेऱ्यावर हे सगळं ठीक. जर्मन कॅमेऱ्यावर मात्र आटा बसतो, अनंतावर फोकसही बरोबर येतो, आणि जवळ येऊ लागलं की चूक वाढत जाते. ०.८ मिलिमीटरचा फरक, नखाएवढाही नाही.

मी गणित करून पाहिलं. नातवाने तपासलं. ५१.६ भागिले ५२.४, त्याचा वर्ग, सुमारे ०.९७. म्हणजे दीड मीटरवरच्या माणसावर दोन चित्रं अगदी केसभरही न चुकता जुळवली, तर भिंग प्रत्यक्षात सुमारे साडेचार सेंटिमीटर मागे फोकस होतं. आणि स्पष्ट पट्टा किती, तर डोळ्याच्या पुढे-मागे पावणेदोन-पावणेदोन सेंटिमीटर. किंचित तिरक्या बसलेल्या माणसाच्या डोळ्यापासून साडेचार सेंटिमीटर मागे काय येतं?

कुडी येते.

तीन फोटो, तिन्हींत कुडी. मी जन्मभर पोरांना सांगत आले की तीन साक्षीदार एकच चूक करत असतील तर चूक साक्षीदारांची नसते, त्यांनी ज्याच्याकडून ऐकलं त्याची असते. हात चुकला असता तर एकदा नाक आलं असतं, एकदा कान, एकदा खांब. हे मला १९७६ मध्ये दिसायला हवं होतं. तेव्हा मी बी.ए. झालेली होते, इतिहास घेऊन.

कागदावरच्या गणितावर समाधान होईना. रविवारी नातवाने कॅमेऱ्याच्या खिडक्या पुसल्या, भिंग बसवलं आणि आम्ही गच्चीवर गेलो. आधी पांडवगड. भिंग अनंतावर ठेवलं, खिडकीतून पाहिलं, गडाची दोन चित्रं एकावर एक, चपखल. म्हणजे इतक्या वर्षांनीही रेंजफाइंडर जाग्यावर होता. मग ओसरीवर आलो. मी त्याच खांबाला टेकून बसले. नातवाने मापाची टेप घेतली, कॅमेऱ्यातल्या फिल्मच्या जागेपासून माझ्या डोळ्यापर्यंत बरोबर दीड मीटर. त्याने दोन आजींची एक आजी केली आणि भिंगावरची खूण पाहिली. खूण दीडवर नव्हती. दीड ओलांडून किंचित पुढे होती. पाच वेळा केलं. पाचही वेळा तिथेच.

पुढे हे सगळं कटकटीचं प्रकरण मिटलं ते आरशाच्या कॅमेऱ्यांनी. १९५९ मध्ये निकॉन एफ आला, त्यात पाहायचं तेच भिंगातून, मध्ये दुभाषाच नाही. लांब भिंगं तिकडे गेली. निकॉनने रेंजफाइंडरसाठी १९५४ मध्ये केलेलं १०५ मिलिमीटरचं भिंगही तिकडे गेलं आणि पुढे रचना बदलून वर्षानुवर्षं चाललं. हिरव्या डोळ्यांच्या त्या अफगाण मुलीचा फोटो स्टीव्ह मॅककरीने १९८४ मध्ये त्याच वंशातल्या भिंगाने काढला. तिचे डोळे मात्र बरोबर आले आहेत.

दादा आता ८४ चा आहे, नागपूरला मुलाकडे. ऐकू कमी येतं. रविवारी संध्याकाळी फोन केला. आधी तब्येत, मग गुडघे, मग संत्री. मग मी सांगितलं. ५१.६ आणि ५२.४ दोनदा मोठ्याने सांगावं लागलं. शेजारच्यांना वाटलं असेल मी सोन्याचा भाव सांगते आहे. तेराव्याच्या दिवशीचं माझं बोलणंही काढलं, आणि ते मला बोलायला नको होतं असं म्हटलं.

पलीकडे बराच वेळ काही नाही. मला वाटलं फोन कट झाला.

मग म्हणाला, "साडेचार सेंटिमीटर का?"

"हो."

"मग तोंड थोडं लहान करायला हवं होतं. एफ/५.६ ला घेतला असता तर डोळे आले असते. पट्टा रुंद झाला असता ना. माझंच चुकलं."

मी म्हटलं, "अरे, संध्याकाळ होती. ऑर्वोचा मंद रोल. एफ/५.६ ला उजेड कुठून आणला असतास?"

"खांबाला टेकवला असता कॅमेरा."

"खांबाला आई टेकली होती."

"दुसरा खांब होता की," तो म्हणाला. "तुळशीकडचा." आणि मग ओसरीला खांब चार होते की पाच यावर आमचं वीस मिनिटं चाललं. त्याच्या मते पाच. मी आत्ता मोजून आले, चार आहेत, पण पाचव्याचा दगड खाली अजून आहे. पुढच्या रविवारी सांगते त्याला.